हमीदचा पाचवा अनुभव

जगन्नाथ दिवेकरच्या कुवेतमधल्या फहाहीलच्या फ्लॅटमध्ये, दिवाणखान्यातल्या कपाटाच्या मधल्या फळीवर अकरा वह्या उभ्या आहेत. दर वर्षाची एक. त्या वर्षी पाहिलेलं नाटक, ऐकलेली मैफल, चित्रांचं प्रदर्शन, जे काही असेल त्याचं तिकीट चिकटवलेलं, खाली तारीख, सभागृह, बसण्याची रांग आणि दोन-तीन ओळींचा शेरा. पाहुणे आले की त्यांची नजर या वह्यांवर जाईल अशा बेताने खुर्ची मांडलेली असते.

जगन्नाथ मूळचा नाशिकचा, वय छप्पन्न, एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये प्लॅनिंग इंजिनिअर. कोणतं काम कोणत्या दिवशी, किती माणसांनी, किती तासांत उरकायचं याचे तक्ते करणं ही त्याची नोकरी. वार्षिक रजाही तो अशाच तक्त्यावर काढायचा. दर जानेवारीत एकवीस दिवस पुण्याला धाकट्या भावाकडे, आणि एकवीस दिवसांत सतरा कार्यक्रम. दुपारचं नाटक संपल्यावर संध्याकाळच्या मैफलीला पोचायला रिक्षाला किती मिनिटं लागतील हेसुद्धा तक्त्यात असायचं. वर्ष संपत आलं की कुवेतमधल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात 'वर्षभरातले पाच अनुभव' हे सदर लिहायचं. दोन पानं, पाच उपशीर्षकं, कोपऱ्यात त्याचा गळाबंद कोटातला फोटो. रजेवर निघालेले लोक त्याला फोन करून विचारत, "दिवेकर, यंदा पुण्यात काय बघू?" तो सांगे, आणि सांगताना त्याचा आवाज थोडा खाली येत असे, डॉक्टर औषध लिहून देताना येतो तसा. प्लांटवर त्याला प्रमोशन मिळून नऊ वर्षं झाली होती. मंडळात मात्र दर वर्षी मिळत होतं.

या वर्षी गडबड झाली. जानेवारीत प्लांटचा मोठा शटडाउन लागला आणि रजा रद्द झाली. वहीत वर्षभरात एकच तिकीट चिकटलं, एप्रिलमधल्या मंडळाच्या वर्धापनदिनाचं. पुण्याहून एक नामांकित गायिका आणली होती. बाकी सगळं त्याने घरच्या पडद्यावर पाहिलं. तरी नोव्हेंबरात त्याने सदर लिहून काढलं. चार अनुभव पडद्यावरचे, पाचवा गायिकेचा. पडद्यावरचे ते पडद्यावरचे आहेत, एवढं लिहायचं राहून गेलं होतं.

लेख पाठवायच्या आदल्या दिवशी क्षितिजाचा फोन आला. ही अंकाची नवी संपादक, बँकेत नोकरी करणारी, पस्तिशीतली.

"काका, एक विनंती होती. रागावणार नाही ना?"

"मी काय हेडमास्तर आहे रागवायला?"

"यंदा ते पाच अनुभवांचं सदर हमीदभाईंना द्यायचं कमिटीने ठरवलंय. म्हणजे तुमचं छानच असतं, पण सगळे म्हणाले, एकदा इथलं काहीतरी येऊ दे. कुवेतमधलं."

"कोण हमीदभाई?" जगन्नाथने विचारलं. त्याला पक्कं माहीत होतं.

"साउंडवाले."

"ते लिहितात?"

"नाही ना! तीच तर विनंती आहे. त्यांची सुरुवात उर्दू शाळेत झालीय. मराठी वाचतात, पण लिहायला हात वळत नाही म्हणतात. ते सांगतील, तुम्ही उतरवून द्याल का? तुमच्याइतकं शुद्ध दुसरं कोण लिहिणार?"

नाही म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत साऱ्या मंडळात झालं असतं, दिवेकर रुसले. जगन्नाथ म्हणाला, "हो, त्यात काय?" आणि फोन ठेवून त्याने कपाटाचं दार उगाचच उघडून लावलं.

हमीद मुकादम हे त्याचं जुनं दुखणं होतं. दाभोळच्या खाडीकाठच्या गावातला हा माणूस बावीस वर्षांपूर्वी कुवेतला आला, आधी तंबू ठोकायचा, मग माइक-स्पीकर भाड्याने देणाऱ्या कंपनीत लागला. मल्याळी नाटक असो, तेलुगू नाच असो, फिलिपिनो लोकांचं समूहगान असो, शाळेचं गॅदरिंग असो, मिक्सरमागे हमीद. वर्षाला शंभराच्या वर कार्यक्रम तो पाहत होता, तेही बिनतिकिटाचे, उलट पगार घेऊन. मंडळाच्या तालमीला चहाची वेळ झाली की लोक कागदी कप घेऊन त्याच्या वायरींच्या पेटीभोवती गोळा होत. गणपतीच्या तालमीत जगन्नाथ चार जणांना पुण्यातल्या एका दीर्घांकातली प्रकाशयोजना समजावून सांगत होता. तेवढ्यात पेटीकडून हसण्याचा गडगडाट झाला. चारातले दोघे "आलोच हं" म्हणून तिकडे गेले ते आलेच नाहीत. उरलेले दोघे माना वळवून उभे राहिले. जगन्नाथने प्रकाशयोजना पूर्ण सांगितली, पण कुणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी त्याने शर्मिलाला बातमी दिली. शर्मिला म्हणजे त्याची बायको. मंडळाची सजावट लग्नाच्या सत्तावीस वर्षांपैकी वीस वर्षं तिच्याकडे आहे. कार्यक्रमाच्या दोन-अडीच तास आधी ती सभागृहात पोचते, चष्मा डोक्यावर सरकवलेला, गळ्यात नाडीला बांधलेली कात्री.

"अहो, छान झालं की," ती मटार सोलता सोलता म्हणाली. "हमीदभाई सांगतात फार मजेत."

"तुला कधी सांगितलं त्यांनी?"

"सांगत असतात. साउंड लावताना. तुम्ही नसता तेव्हा."

शुक्रवारी सकाळी जगन्नाथ मिरकाबला गेला. एका जुन्या इमारतीच्या तळघरात कंपनीचं गोदाम होतं. स्पीकरचे काळे खोके छतापर्यंत रचलेले, मधल्या मोकळ्या जागेत एक टेबल, त्यावर वायरींना डाग देण्याचं सोल्डरिंग आयर्न आणि उघडलेला माइक. हमीद पन्नाशीचा, बुटका, दाढी नीट कातरलेली. त्याने खुर्ची पुसून दिली.

"साहेब, तुम्ही लिहिणार म्हणजे मला टेन्शनच आलं बघा. तुमचं वाचतो मी दर वर्षी. पूर्ण वाचतो."

"आवडतं?"

हमीदने सुलेमानी चहाचा ग्लास पुढे सरकवला. "लई माहिती असते," तो म्हणाला.

जगन्नाथने वही उघडली, बारावी, जवळजवळ कोरी. "सांगा. पहिला अनुभव."

हमीद हातातली वायर सोलत सांगू लागला. अब्बासियातल्या एका शाळेच्या सभागृहात मल्याळी नाटक होतं. म्हाताऱ्याचं काम करणारा माणूस एरवी गॅरेजमध्ये मेकॅनिक. ऐन रडण्याच्या प्रवेशात तो संवाद विसरला. विंगेत प्रॉम्प्टर होता, त्याने वाक्य दिलं, पण हमीदने टांगलेल्या माइकने ते आधी उचललं आणि साऱ्या सभागृहाला ऐकू गेलं. लोक हसले. प्रॉम्प्टरने घाबरून पुन्हा दिलं, अजून मोठ्याने. लोक अजून हसले.

"चूक माझी होती, साहेब. माइक विंगेच्या फार जवळ टांगलेला. मी बंद करायला गेलो, तेवढ्यात तो म्हातारा विंगेकडे वळला आणि काहीतरी बोलला. हळू. मला भाषा येत नाही. नंतर विचारलं तेव्हा कळलं. तो प्रॉम्प्टरला म्हणाला होता, 'बाळा, तू इतका वेळ कुठे होतास?' नाटकात त्याचा मुलगा हरवलेला असतो ना, म्हणून. पुस्तकात नव्हतं ते वाक्य. त्याने तिथल्या तिथे केलं."

जगन्नाथने लिहिलं आणि वाचून दाखवलं, "'आणि क्षणार्धात सारं सभागृह भारावून गेलं.'"

"भारावून नाही गेलं, साहेब," हमीद म्हणाला. "गप्प झालं. एक जण खोकत होता, तो पण खोकला दाबून बसला."

"अर्थ तोच आहे."

"तसं असेल. पण मी खोकल्यावाल्याला बघत होतो."

जगन्नाथने ओळ खोडली.

दुसरा अनुभव एका दिवानियातला, म्हणजे कुवेती लोकांच्या घराला जोडून पुरुषांच्या बैठकीची जी मोठी खोली असते तिथला. मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणाऱ्यांची जुनी गाणी गाणारे काही म्हातारे तिथे जमणार होते. हमीद चार माइक घेऊन गेला. अंगणात शेगडी पेटवून ते डफ शेकत बसले होते, चामडं ताणलं जावं म्हणून. त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्याने आपल्यापुढचा माइक उचलला, वायरीसकट नीट गुंडाळला आणि हमीदच्या मांडीवर ठेवला.

"म्हणाला, 'इजलिस.' बस म्हणून. मग मी बसलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा काही काम न करता बसलो. आणि त्यांनी दोर ओढायचं गाणं सुरू केलं ना, तर माझा बाबा रापणीचं जाळं ओढताना जी हाळी द्यायचा, अगदी तशीच. शब्द वेगळे. पण कुठे दम घ्यायचा, कुठे जोर लावायचा, ते सगळं तेच. मी तिथे हाळी दिली. चुकून. सवयीने तोंडातून गेली."

"मग?"

"मग काय? त्यांना वाटलं, मजूर असेल बोटीवरचा. जागा करून दिली."

तिसरा अनुभव ईदच्या दिवसांत होणाऱ्या मुलांच्या नाटकाचा होता. दिवसाला पाच खेळ असायचे आणि पहिल्या रांगेतली एक मुलगी पाचही खेळांना हजर. शेवटच्या खेळाला ती नटांच्या आधी संवाद म्हणू लागली, तेव्हा अस्वलाचं काम करणाऱ्या नटाने दमून खाली मांडी घातली आणि तिलाच म्हणू दिलं. चौथा जहराकडच्या वाळवंटातल्या एका तंबूचा. तिथल्या लग्नात वीज गेली आणि बायकांच्या तंबूतलं गाणं पुरुषांना पहिल्यांदाच ऐकू आलं, कारण तोवर हमीदचे स्पीकर ते दाबून टाकत होते.

जगन्नाथ लिहीत होता. त्याने सुरुवातीला वाक्यं सरळ करायचा प्रयत्न केला, पण हमीद दर वेळी "तसं नव्हतं, साहेब" म्हणत होता, आणि दर वेळी त्याचंच बरोबर निघत होतं. आपल्या अकरा वह्यांत रांग आहे, तारीख आहे, सभागृह आहे. खोकणारा माणूस एकही नाही, हे त्याच्या लक्षात आलं. ते लक्षात येणं त्याला अजिबात आवडलं नाही. या माणसाला नाट्यशास्त्रातलं काही कळत नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. ते खरंही होतं.

"पाचवा," तो म्हणाला. "बहुधा एप्रिलमधली मैफल असेल. आपल्या वर्धापनदिनाची."

"तोच दिवस," हमीद म्हणाला. "पण मैफल नाही. त्याच्या आधी."

"आधी काय होतं?"

"आधी माइक टेस्ट. तुम्ही बाईंना आणायला विमानतळावर गेलेला."

हे खरं होतं. गायिकेला आणण्याचा मान जगन्नाथने मागून घेतला होता.

"माझं एक आहे, साहेब. माझ्या माइकवर मी कुणाला हॅलो-हॅलो, वन-टू-थ्री करू देत नाही. त्याने काही कळत नाही. सगळ्यांचं वन-टू-थ्री सारखंच. मी सांगतो, काहीपण बोला, सकाळी काय खाल्लं ते सांगा, गाणं म्हणा. मग माणसाचा आवाज कळतो. त्या दिवशी स्टेजवर दुसरं कोणीच नव्हतं. एक बाई झेंडूच्या माळा लावत होती. मी म्हटलं, जरा बोला. ती म्हणाली, काय बोलू? मी म्हटलं, काहीपण. तर तिने पाळणा म्हटला. बाळाचा पाळणा. हातात माळ तशीच, चष्मा डोक्यावर, गळ्यात कात्री. कात्री माइकला लागून टिंग वाजली, तर तिने ती एका हाताने धरली आणि गात राहिली."

जगन्नाथचं पेन चालू होतं. 'गळ्यात कात्री' एवढं लिहून झालं आणि मग ते थांबलं.

"लिहिताय ना?" हमीदने विचारलं. तो वायरीकडे बघत होता.

"हो. पुढे?"

"दोन कडवी म्हटली. दुसऱ्यात एका जागी तिचा आवाज वर निसटला. माझा हात आपोआप बटणाकडे गेला, खाली घ्यायला. मग मी थांबवला. म्हटलं, जाऊ दे वर. रिकाम्या सभागृहात असा आवाज जातो ना, मागच्या भिंतीला लागून परत येतो. तो परत आलेला तिने ऐकला आणि हसली. मग म्हणाली, झालं का तुमचं टेस्ट? आणि शिडीवर चढली. रात्रीच्या मैफलीत बाई चांगल्याच गायल्या, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या कानात ती कात्रीची टिंग राहिली होती."

"नाव काय त्यांचं?"

"नाव नको घालायला," हमीद म्हणाला. "बाईमाणूस आहे."

परतीच्या रस्त्यावर जगन्नाथने रेडिओ लावला नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी, लग्नाला चार महिने झाले असताना, कोथरूडला एका मित्राकडे सात-आठ जण जमले होते. सगळ्यांनी आग्रह केला म्हणून शर्मिलाने तिच्या मावशीकडून शिकलेला पाळणा म्हटला होता. संपल्यावर लोक बोलायच्या आत जगन्नाथ म्हणाला होता, "दुसऱ्या कडव्यात चढलीस." तो बरोबर होता. तिचा सूर खरंच चढला होता. मित्रांपैकी एकाने त्याच्या कानाचं कौतुकही केलं होतं. त्यानंतर शर्मिला त्याच्यासमोर कधी गायली नाही. तो धरून चालला होता की आवड संपली. माणसाच्या आवडी संपतात.

संपली नव्हती. ती कार्यक्रमाच्या दोन तास आधी, तो नसताना, एका साउंडवाल्यासमोर जिवंत होती, आणि तो साउंडवाला ती वर्षातल्या पाचांत मोजत होता. हमीदचा त्याला राग यावा असं हमीदने काहीच केलं नव्हतं, आणि त्यामुळे तो जास्तच आला.

घरी त्याने चार अनुभव टाइप केले. पाचवा केला नाही. क्षितिजाला पाठवताना लिहिलं, "पाचवा त्यांना नीट आठवत नव्हता. चारच पुरेसे आहेत."

पंधरा मिनिटांत तिचं उत्तर आलं. "काका, अफाट आहे हे! पण सदराचं नाव पाच अनुभव आहे ना. एक काम करूया का? पाचवा तुम्ही लिहा, तुमच्या नावाने. अर्धं पान. एप्रिलची मैफल घ्या ना. उद्यापर्यंत द्याल?"

अर्धं पान. फोटोही येईल कदाचित. जगन्नाथने लगेच "हो" कळवलं.

शर्मिला चहा घेऊन आली. "झालं का हमीदभाईंचं? वाचून दाखवा ना."

त्याने चारही वाचून दाखवले. खोकणाऱ्या माणसाला ती हसली. रापणीच्या हाळीला तिने कप खाली ठेवला. चौथा संपला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आणि पाचवा?"

"चारच झाले. पाचवा त्यांना काही जमला नाही."

शर्मिलाने कप उचलले. "बरं," ती म्हणाली.

एवढंच. पण तिचं 'बरं' तो ओळखत होता. मुलगी जुईली टोरंटोला कायमची राहणार असं कळलं, तेव्हा तिने हेच म्हटलं होतं. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला आणि जगन्नाथला कळलं की हमीदने तिला आधीच विचारलेलं होतं. नाव घालायचं नाही हे हमीदचं नव्हतं, तिचं होतं. गोष्ट छापायला तिची हरकत नव्हती. ती वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तो पाचवा अनुभव लिहायला बसला. गायिकेवर साडेतीनशे शब्द सहज झाले. शेवटचं वाक्य आपोआप आलं: 'आणि सारं सभागृह भारावून गेलं.' त्याने ते वाचलं, मग उठून कपाटातून मंडळाचे जुने अंक काढले. अकरा अंकांपैकी सातांत हेच वाक्य होतं. एकात तर दोनदा होतं.

अंक त्याने परत कपाटात ठेवले. मग वही उघडली आणि हमीदचा पाचवा अनुभव टाइप केला, माळ, चष्मा, कात्री, टिंग, सगळं. 'वर निसटला' इथे क्षणभर थांबला, तिथे 'आवाज वर गेला' लिहिलं, मग पुन्हा 'निसटला' केलं. मैफलीच्या चांगुलपणाबद्दलचं वाक्य काढावं असं वाटलं, तेही ठेवलं. पाठवताना लिहिलं, "पाचवा त्यांना आठवला. माझं अर्धं पान नको."

हे त्याने मोठ्या मनाने केलं असं कुणी समजू नये. त्याचा एक हिशेब होता. गोष्ट छापून येईल, शर्मिला ती वाचेल, ती आपण परत घातली हे तिला कळेल, आणि मग कधीतरी घरात, सहज, भाजी चिरताना किंवा कपडे घडी करताना, जे हमीदने ऐकलं ते आपल्यालाही ऐकायला मिळेल. त्याला दुसरं काही नको होतं. हमीदकडे जे आहे ते हवं होतं.

डिसेंबर गेला. घरात मिक्सर वाजला, वॉशिंग मशीन वाजलं, जुईलीचे रविवारचे फोन झाले. दुसरं काही ऐकू आलं नाही.

जानेवारीतल्या तिळगुळाच्या समारंभात अंकाचं प्रकाशन होतं; यंदा जगन्नाथने रजा त्यानंतरची घेतली होती. शर्मिला दुपारी तीनला निघाली तेव्हा जगन्नाथ बूट घालून दारात उभा होता.

"तुम्ही आत्तापासून?"

"अंकांचे गठ्ठे उतरवायचेत," तो म्हणाला.

गठ्ठे दहा मिनिटांत उतरले. सभागृह रिकामं होतं. हमीद मागच्या बाजूला मिक्सरशी बसला होता. त्याने हात वर करून सलाम केला. शर्मिला स्टेजवर पतंग टांगत होती. गठ्ठ्यातला एक अंक तिने उघडून बघितला होता हे जगन्नाथने पाहिलं होतं. पान उलटून, वाचून, तो तिने पुन्हा गठ्ठ्यावर सरळ ठेवला होता. जगन्नाथ चौदाव्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसला, दिव्यांच्या झोताबाहेर. मांडीवर नव्या वर्षाची वही होती. तारीख, सभागृह, रांग लिहून झाली होती.

"वहिनी," मागून हमीदचा आवाज आला, "जरा बोला."

शर्मिला शिडीवरून उतरली. चष्मा डोक्यावर होता. माइकसमोर येऊन तिने कात्री एका हाताने धरली, म्हणजे ती लागू नये. तिने श्वास घेतला. मग दुसरा हात कपाळाशी नेऊन, झोतापलीकडे खुर्च्यांकडे नजर टाकली. रांगांवरून फिरत ती नजर चौदाव्या रांगेपाशी थांबली.

"हॅलो, हॅलो," ती माइकमध्ये म्हणाली. "वन, टू, थ्री."

हमीदने स्टेजकडे पाहिलं, मग चौदाव्या रांगेकडे. बटणावरचा हात त्याने काढून घेतला.

"ओके, वहिनी," तो म्हणाला.

शर्मिला पतंगांकडे वळली. माइक अजून चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळ्या सभागृहात नीट ऐकू आलं.

"अहो, नुसते बसलायच तर येऊन ही शिडी धरा."

जगन्नाथने वही मिटून खुर्चीवर ठेवली आणि तो शिडी धरायला गेला.